तारेचें माप आणि तबकडीचें माप

नंदुरबारच्या मिरचीच्या बाजारांत हिंवाळ्याच्या दिवसांत जो कोणी गेला असेल, त्यानें काट्यापुढें चाललेली घासाघीस खचित ऐकिली असेल. ढीग डोळ्यांसमोर असतो, काटा सर्वांच्या देखत हालत असतो, आणि तरीहि शेतकऱ्याच्या मनांतील आंकडा व व्यापाऱ्याच्या वहींतील आंकडा यांचा मेळ बसत नाहीं. वाद मिरचीविषयीं नसतो. वाद मापाविषयीं असतो. पोत्याचें, म्हणजे बारदानाचें वजन धरावयाचें कीं वजा घालावयाचें? ओली मिरची मोजावयाची कीं वाळलेली? आपल्या आजोबांच्या काळीं यांत आणखी एक घोटाळा असे. शेर दोन प्रकारचा, कच्चा आणि पक्का. दोघांनींहि 'शेर' म्हणावें आणि दोघांच्या मनांत वेगवेगळें वजन असावें, असा तो प्रकार होता. १९५६ च्या कायद्यानें देशांत दशमान वजनें व मापें आणावयाचें ठरलें आणि हळूहळू शेर मागें पडला.

परंतु शेर गेला तरी कच्च्या-पक्क्याचा घोटाळा गेला नाहीं. तो आतां तारेंत आणि गणकयंत्रांत येऊन बसला आहे. टेलिफोनच्या तारेवरून माहिती किती वेगानें वाहते हें सांगण्याची एक रीत आहे, आणि गणकयंत्राच्या तबकडींतून माहिती किती वेगानें बाहेर पडते हें सांगण्याची दुसरी. हे दोन धंदे पुष्कळ वर्षें एकमेकांपासून दूर वाढले, आणि प्रत्येकानें आपापलें माप घडविलें. आज तबकडीवरची माहिती तारेवरून पाठविणें हें तहसील कचेरीपासून दवाखान्यापर्यंत सर्वत्र नित्याचें काम झालें आहे. अशा वेळीं एका मापाचें दुसऱ्या मापांत रूपांतर कसें करावें, आणि तें चुकल्यास काय होतें, हें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

आरंभ अगदीं लहान वस्तूपासून करूं. 'बिट' म्हणजे एक होय किंवा एक नाहीं. दिवा पेटलेला किंवा विझलेला. याहून लहान माहिती असूं शकत नाहीं. असे आठ बिट मिळून एक 'बाइट' होतो. रोमन लिपींतील एक अक्षर एका बाइटांत मावतें. आपल्या देवनागरीस मात्र आजच्या प्रचलित पद्धतींत प्रत्येक चिन्हामागें तीन बाइट लागतात. 'नंदुरबार' हा शब्द घ्या. अनुस्वार, उकार आणि काना हीं वेगळीं चिन्हें धरलीं तर त्यांत आठ चिन्हें होतात. म्हणजे चोवीस बाइट, म्हणजेच १९२ बिट. एकच शब्द, एकजण म्हणेल चोवीस, दुसरा म्हणेल एकशें ब्याण्णव. दोघेहि खरे बोलतात.

आतां टेलिफोनवाल्यांकडे वळूं. मनुष्याचा आवाज तारेवरून अंकांच्या रूपानें पाठवावयाचा तर तो सेकंदाला ८,००० वेळां मोजतात आणि प्रत्येक मोजणीस आठ बिट देतात. आठ हजार गुणिले आठ, म्हणजे सेकंदास ६४,००० बिट. हा एका संभाषणाचा मार्ग, एक ध्वनिमार्ग. तारेवर बिट एकामागून एक जातात, जशीं अरुंद पायवाटेवरून माणसें जातात. म्हणून तारेच्या धंद्यांतील माणसें नेहमीं बिट मोजतात. त्यांच्या लेखीं बाइट हा जणुं उगीच बांधलेला गठ्ठा.

असे बत्तीस मार्ग एकत्र गुंफले कीं जो दोर होतो त्यास 'ई-वन' म्हणतात. बत्तीसांपैकीं तीस संभाषणांस, एक सर्वांचा ताल राखावयास, आणि एक घंटी वाजली, फोन उचलला, ठेवला, असल्या निरोपांस. बत्तीस गुणिले ६४,००० म्हणजे सेकंदास २०,४८,००० बिट. हिंदुस्थानांत आणि युरोपांत हाच दोर रूढ झाला, आणि तालुक्याच्या गांवीं 'दोन एमबीची लाईन' म्हणून जी ओळखली गेली ती हीच. अमेरिकेंत मात्र चोवीस मार्गांचा 'टी-वन' रूढ झाला. त्याचा वेग सेकंदास १५,४४,००० बिट. यंत्राबरोबर आलेलें अमेरिकन पुस्तक उघडून त्यांतील कोष्टक जसेंच्या तसें आपल्या तारेस लावणारा मनुष्य पहिल्या पावलासच एक चतुर्थांश वेग गमावून बसतो.

त्याहून मोठ्या दोरास 'एसटीएम-वन' असें नांव आहे. त्यांत त्रेसष्ट ई-वन मावतात आणि त्याचा वेग सेकंदास १५ कोटी ५५ लक्ष २० हजार बिट आहे. इतके मोठे आंकडे उच्चारतांना जीभ अडखळते, म्हणून दहा लक्षांस 'मेगा' म्हणण्याची चाल पडली. ई-वन म्हणजे २.०४८ मेगाबिट, एसटीएम-वन म्हणजे १५५.५२ मेगाबिट.

आतां तबकडीवाल्यांचें घर पाहूं. जुन्या गणकयंत्रांत हार्ड डिस्क आणि मुख्य यंत्र यांना जोडणारी एक रुंद, चपटी, करड्या रंगाची पट्टी असे. ज्यांनीं जुनें यंत्र उघडून पाहिलें आहे त्यांच्या ती लक्षांत असेल. तीस 'आयडीई' पट्टी म्हणत. तिच्यांत चाळीस तारा शेजारीं शेजारीं असत, आणि त्यांपैकीं सोळांवरून सोळा बिट एकाच वेळीं, खांद्याला खांदा लावून जात. जेथें वाट अशी रुंद आहे तेथें एकेक बिट कोण मोजणार? म्हणून तबकडीवाले बाइट मोजतात. सोळा बिट म्हणजे दोन बाइट. 'पीआयओ-फोर' नांवाच्या पद्धतींत दर १२० नॅनोसेकंदांस दोन बाइट जात, आणि यावरून सेकंदास सुमारे १६.७ मेगाबाइट हा वेग निघतो. पुढें हा वेग ३३, ६६, १०० आणि १३३ मेगाबाइटांपर्यंत चढला. मोठ्या यंत्रांसाठीं 'स्कझी' नांवाची दुसरी जोडणी होती. ती पाच मेगाबाइटांपासून निघून ३२० मेगाबाइटांपर्यंत गेली.

दोन्ही घरें पाहून झालीं. आतां त्यांची सोयरीक जुळवूं. मूळ नियम एका ओळीचा आहे: बिटांचे बाइट करावयाचे तर आठानें भागावें, बाइटांचे बिट करावयाचे तर आठानें गुणावें. ई-वनच्या २.०४८ मेगाबिटांस आठानें भागलें कीं सेकंदास २,५६,००० बाइट येतात; म्हणजे पाव मेगाबाइटाहून किंचित् अधिक. उलट, जुन्या पट्टीचे १६.७ मेगाबाइट आठानें गुणले कीं सुमारे १३३ मेगाबिट होतात, आणि त्यांस ई-वननें भागलें कीं पासष्ट येतात. म्हणजे रद्दीच्या दुकानांत पडलेली ती करडी पट्टी पासष्ट ई-वन तारांच्या बरोबरीची होती, आणि जिल्ह्याजिल्ह्यांस जोडणाऱ्या एसटीएम-वनच्या जवळजवळ तोलाची! आणखी एक गंमत पाहा. साडेतीन इंची फ्लॉपी सेकंदास ५ लक्ष बिट देत असे. म्हणजे आठ टेलिफोन संभाषणांएवढी. चार फ्लॉपी एकदम वाचल्या कीं एक ई-वन तार भरली. ज्या तारेकडे आपण मोठ्या आदरानें पाहत होतों, ती चार फ्लॉपींनीं भरते, हें गणित केल्याविना कळत नाहीं.

परंतु आठानें भागलें म्हणजे काम संपलें असें मानणारांस आणखी दोन खड्डे आडवे येतात.

पहिला खड्डा कच्च्या-पक्क्या शेराचा. तारेवाल्यांचा 'किलो' हा शुद्ध एक हजाराचा. गणकयंत्रांत मात्र सर्व मोजणी दोनाच्या पटींत चालते, म्हणून तेथें १,०२४ ला 'किलो' म्हणण्याची संवय जडली. ई-वनचा २,०४८ हा आंकडा दोनाच्या पटींतला दिसतो खरा. पण तो २,०४८ वेळां एक हजार आहे, २,०४८ वेळां एक हजार चोवीस नव्हे. त्या तारेवरून येणारे २,५६,००० बाइट गणकयंत्र आपल्या १,०२४ च्या मापानें मोजतें आणि पडद्यावर आंकडा दाखवितें २५०. तारेच्या करारपत्रांत २,०४८, पडद्यावर २५०; ग्राहक म्हणतो, मला फसविलें. कोणी फसविलेलें नसतें. माप बदललेलें असतें. ५०० गिगाबाइट म्हणून घेतलेली हार्ड डिस्क यंत्रास जोडल्यावर सुमारे ४६५ दाखविते, तिचेंहि कारण हेंच. फ्लॉपीच्या '१.४४ मेगाबाइट' या प्रसिद्ध आंकड्यांत तर दोन्ही शेर एकत्र कालविले होते. तेथें एक मेगा म्हणजे एक हजार गुणिले एक हजार चोवीस! हा गोंधळ मिटावा म्हणून १९९८ सालीं आंतरराष्ट्रीय विद्युत् तंत्र आयोगानें १,०२४ च्या मापास किबी, मेबी, गिबी अशीं स्वतंत्र नांवें दिलीं. नांवें मिळालीं, पण बाजारांत अद्याप जुनाच 'शेर' चालतो.

दुसरा खड्डा बारदानाचा. माहिती तारेवर नुसती ओतीत नाहींत. तिचीं लहान लहान पुडकीं बांधतात, प्रत्येकावर पत्ता घालतात, क्रमांक घालतात. १,५०० बाइटांच्या नेहमींच्या पुडक्यांत ४० बाइट केवळ पत्त्यासाठीं जातात. शिवाय ई-वनमधील एक मार्ग ताल राखण्यांत खर्ची पडतो. हें बारदान वजा केलें कीं २,५६,००० पैकीं सुमारे २,४१,००० बाइट खऱ्या मालाचे उरतात. कांहीं जोडण्यांत तर बारदान इतकें असतें कीं आठानें भागणें हीच चूक ठरते. साध्या मोडेमच्या तारेवर प्रत्येक बाइटाच्या आरंभीं एक आणि अखेरीस एक असे दोन बिट अधिक जातात. तेथें दहानें भागावें. ९,६०० बिटांच्या वेगानें सेकंदास ९६० अक्षरेंच येतात. त्या करड्या पट्टीच्या जागीं पुढें जी 'साटा' नांवाची बारीक तार आली, तिच्यांतहि आठ बिटांचे दहा करून पाठवितात. म्हणून दीड गिगाबिटांची साटा १५० मेगाबाइट देते, १८७ नव्हे.

हें सर्व ऐकून कोणी म्हणेल, हा पंतोजींचा हिशेब आम्हांस कशाला? म्हणून एक उदाहरण घेतों. तें कल्पित आहे, पण अशक्य नाहीं. समजा, सातपुड्यांत धडगांवीं एका कचेरींत जुनी, ४० गिगाबाइटांची, भरलेली हार्ड डिस्क आहे. तींत लोकांच्या जमिनीचे, दाखल्यांचे, निवृत्तिवेतनाचे कागद आहेत. ही सर्व माहिती नंदुरबारास पाठवावयाची आहे आणि तार आहे एक ई-वन. कारकून हुशार आहे. तो हिशेब करतो. चाळीस हजार भागिले दोन पूर्णांक शून्य चार आठ, म्हणजे १९,५०० सेकंद, म्हणजे साडेपाच तासांहून थोडे कमीच. रविवारीं सायंकाळीं सहाला काम सुरू केलें कीं साडेअकराला संपेल. सोमवारीं सकाळीं कचेरी उघडेपर्यंत सर्व तयार. तो यंत्र सुरू करून निश्चिंत मनानें घरीं जातो.

त्यानें मेगाबाइटांस मेगाबिटांनीं भागलें! खरा हिशेब बारदान धरून सुमारे ४६ तासांचा आहे. सोमवारीं दहा वाजतां दार उघडतें तेव्हां जेमतेम तिसरा हिस्सा गेलेला असतो. काम पुरें व्हावयास मंगळवारचे चार वाजावयाचे असतात. आणि दाराबाहेर पांच कोस डोंगर उतरून आलेली म्हातारी उभी असते. तिला सांगतात, "आजी, सिस्टिम बंद आहे, परवां या." सिस्टिम बंद नसते. कागदावरची एक आठाची चूक तिच्या पायांनीं फेडली जात असते.

याच कारकुनानें योग्य भागाकार केला असता तर त्यास दुसरा मार्ग सुचला असता. ४० गिगाबाइट त्या करड्या पट्टीवरून उतरून घ्यावयास हिशेबानें चाळीस मिनिटें लागतात. तबकडी जुनी, सबब दोन तास धरा. ती उतरलेली प्रत कुलुपबंद करून जीपमध्यें ठेवली, तर घाटाच्या रस्त्यानें अर्ध्या दिवसाच्या आंत ती नंदुरबारास पोचते. तार ४६ तास घेते, तेंच काम जीप एका दिवसाच्या आंत करते. ही थट्टा नव्हे.

या जिल्ह्यास असल्या हिशेबाचें विशेष अगत्य आहे. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून हा जिल्हा वेगळा झाला. २९ सप्टेंबर २०१० रोजीं याच जिल्ह्यांतील, शहादें तालुक्यांतील टेंभली गांवीं, पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितींत देशांतील पहिले आधार क्रमांक देण्यांत आले. एका माणसाच्या नोंदणींत छायाचित्र, दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांच्या प्रतिमा आणि नांवपत्ता असे. या सर्वांचें कुलुपबंद पुडकें सुमारे पांच मेगाबाइटांचें धरीत. २०११ च्या शिरगणतींत या जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ भरली. आतां आपणच गुणाकार करून पाहा. दर माणशीं पांच मेगाबाइट धरले तर ८२ लक्ष मेगाबाइटांहून अधिक माहिती होते. ती एका ई-वन तारेवरून पाठवावयाची म्हटली, आणि बारदान मुळींच धरलें नाहीं, तरी ३७२ दिवस लागतात. एक वर्ष आणि वर एक आठवडा! धडगांवच्या कारकुनाची चूक येथें केली तर उत्तर येतें सुमारे ४७ दिवस. एसटीएम-वनवरून तेंच काम पांच दिवसांचें आहे. दीड महिना, एक वर्ष, पांच दिवस. माहिती तीच, माणसें तींच, उत्तरें तीन.

म्हणूनच नोंदणीच्या आरंभींच्या काळांत तार अपुरी पडे तेथें अशीं पुडकीं हार्ड डिस्कवर वा तत्सम साधनावर भरून टपालानें बंगळूरच्या केंद्राकडे पाठविण्याची सोय ठेविली होती. कोणास तो मागासलेपणा वाटेल. हिशेब तसें म्हणत नाहीं. ५०० गिगाबाइटांची एक डिस्क तीन दिवसांत पोचली असें धरलें तर तिचा वेग सेकंदास सुमारे १५ मेगाबिट पडतो. म्हणजे टपालाची एक पेटी साडेसात ई-वन तारांचें काम करते.

मात्र यावरून तार निरुपयोगी असा अर्थ कोणीं काढूं नये. पेटीनें माल पुष्कळ जातो, पण पहिला दाणा पोचावयासहि तीन दिवसच लागतात. रेशनच्या दुकानांत अंगठा टेकवून उभ्या असलेल्या माणसाची माहिती कांहीं थोड्या किलोबाइटांची असते; त्यास मोठा दोर नको, परंतु उत्तर त्याच क्षणीं हवें. तेथें तार कितीहि बारीक असो, ती अखंड असणें महत्त्वाचें. गाडाभर धान्य आणि तातडीचा निरोप यांना एकच वाहन शोभत नाहीं.

पुढें काळ बदलला. २०११ सालीं केंद्र सरकारनें ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूची तार नेण्याची योजना मंजूर केली. ती आज भारतनेट या नांवानें ओळखली जाते, आणि ग्रामपंचायतीस १०० मेगाबिटांचा वेग हें तिचें आरंभींचें उद्दिष्ट होतें. शंभर हा आंकडा ऐकून छाती दडपते. पण आतां आपण आठानें भागावयास शिकलों आहों. शंभर मेगाबिट म्हणजे साडेबारा मेगाबाइट. रद्दींत गेलेली ती करडी पट्टी १६.७ देत होती! यांत त्या योजनेस कमीपणा नाहीं. पन्नास कोसांवरून येणारी तार यंत्राच्या पोटांतील हातभर पट्टीच्या जवळ येऊन ठेपली, हें केवढें अंतर तोडणें आहे हेंहि याच भागाकारानें कळतें.

तेव्हां श्रोते हो, आपल्या कचेरींत, शाळेंत, दुकानांत कोणी वेगाचा आंकडा सांगितला कीं काट्यापुढें उभ्या असलेल्या शेतकऱ्याप्रमाणें चार प्रश्न विचारीत चला. हे बिट कीं बाइट? हजाराचे कीं एक हजार चोवीसचे? बारदानासह कीं बारदान वजा जातां? आणि हा वेग क्षणभराचा कीं दिवसभर टिकणारा? उत्तरें मिळेपर्यंत वेळेचें वचन कोणास देऊं नका. कारण वचन देणारा यंत्रापुढें खुर्चीवर बसलेला असतो, आणि तें चुकल्यावर परत डोंगर चढून जाणारें माणूस निराळेंच असतें.